‘अंतिम’ दोन असू शकतात काय? : गालिबच्या एका मसनवीचा पुनर्विचार

ईश्वर सर्वशक्तिमान आहे, तर त्याला स्वतःलाच उचलता येणार नाही असा दगड तो निर्माण करू शकेल काय? वर्गात एखादा विद्यार्थी हा प्रश्न विचारतो आणि बहुधा त्याला गप्प बसवले जाते. असा प्रश्न बाहेरून, पाश्चात्त्य नास्तिकांकडून आलेला आहे, असा समज त्यामागे असतो. वस्तुतः याच जातीचा प्रश्न एकोणिसाव्या शतकात दिल्लीच्या उलेमांनी अत्यंत गांभीर्याने चर्चिला आणि त्यावर मिर्झा गालिब (१७९७–१८६९) यांना फारसी मसनवी लिहावी लागली. ही मसनवी उर्दूच्या अभ्यासक्रमात सहसा येत नाही. तिची आठवण निघते ती मौलाना हाली यांच्या ‘यादगार-ए-गालिब’ (१८९७) या चरित्रातील एका प्रसंगापुरती.

वादाचे मूळ शाह इस्माईल देहलवी (मृत्यू १८३१) यांच्या ‘तक्वियतुल ईमान’ या उर्दू ग्रंथात आहे. अल्लाहच्या सामर्थ्याचे वर्णन करताना त्यांनी असे प्रतिपादन केले की, त्याने मनात आणले तर एका आज्ञेसरशी तो पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या तोडीचे कोट्यवधी निर्माण करू शकेल. तौहीदचा आग्रह हा त्यामागचा हेतू. मंतिक आणि फलसफ्याचे नामांकित पंडित मौलाना फज्ले हक खैराबादी (१७९७–१८६१) यांनी याला कडाडून विरोध केला. शाह इस्माईल यांनी ‘यक रोजा’ या पुस्तिकेतून उत्तर दिले. पुढे या वादाला पंथीय वळण लागले. येथे केवळ त्यातील युक्तिवादाचा विचार करावयाचा आहे.

मौलाना फज्ले हक यांचा मुद्दा असा : पैगंबर हे ‘खातम’, म्हणजे नबींच्या मालिकेतील अंतिम आहेत (कुरआन ३३:४०). ‘अंतिम’ दोन असूच शकत नाहीत. दुसरा आला की पहिला अंतिम उरत नाही. म्हणून त्यांचा समतुल्य ‘मुम्तना बिज्जात’, म्हणजे स्वरूपतःच अशक्य आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे, तो स्वतः अशक्य नाही. अल्लाहने वचन दिले आहे म्हणून तो होणार नाही, म्हणजे ‘मुम्तना बिलगैर’ आहे. हा भेद शाब्दिक वाटतो, पण सगळा पेच त्यातच आहे. स्वरूपतः अशक्य गोष्ट सामर्थ्याच्या कक्षेतच येत नाही. इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी ‘तहाफुतुल फलासिफा’मध्ये हेच मांडले आहे. एकच गोष्ट एकाच वेळी असणे आणि नसणे हे घडवता न येणे म्हणजे सामर्थ्याची उणीव नव्हे. दगडाचा प्रश्नही याच कोटीतील आहे. ज्याच्या शक्तीला सीमा नाही, त्याला न उचलता येणारा दगड ही वस्तूच नाही. ती केवळ परस्परविरोधी शब्दांची जोडणी आहे. अमेरिकन तत्त्वचिंतक जॉर्ज मॅव्रोडीस यांनी १९६३ मध्ये दिलेले उत्तर याच वाटेचे आहे.

‘यक रोजा’मध्ये आणखी एक युक्तिवाद येतो : माणूस असत्य बोलू शकतो, अल्लाहला ते शक्य नाही म्हटले, तर माणसाचे सामर्थ्य अधिक ठरेल. हा युक्तिवाद तपासून घेतला पाहिजे. माणूस विसरतो, थकतो, झोपी जातो. यांना ‘शक्ती’ म्हणायचे की शक्तीचा अभाव? प्रत्येक क्रियापदामागे सामर्थ्यच असते असे नाही. मात्र शाह इस्माईल यांच्या बाजूचा एक मुद्दा बळकट आहे. एखादी गोष्ट घडणार नाही हे अल्लाहला ठाऊक आहे, एवढ्यावरून ती घडवण्याची त्याची शक्ती संपत नाही. अन्यथा सर्वज्ञताच सर्वशक्तिमानतेला बेडी ठरेल. ‘करणार नाही’ आणि ‘करू शकत नाही’ यांतील अंतर त्यांनी जपले, हे मान्य करावे लागते.

आता मसनवीकडे वळू. हाली सांगतात की, मौलाना फज्ले हक यांनी आपल्या या मित्राला समतुल्य अशक्य असल्याचे पद्यात मांडण्याचा आग्रह केला. शास्त्रीय विषय पद्यात आणणे अवघड, असे म्हणून मिर्झांनी टाळाटाळ केली, शेवटी लिहिले. पण लिहिले ते वेगळेच. या जगात दुसरा खातम होणार नाही. मात्र अल्लाहने इच्छिले तर तो दुसरे जग, दुसरा सूर्य निर्माण करील आणि त्या जगाला त्याचा स्वतंत्र खातम असेल. जेथे जेथे जग, तेथे तेथे जगांसाठी रहमत ठरणारा कोणी असेलच, असा त्याचा आशय आहे. मौलाना नाराज झाले. जगे कितीही असोत, खातम एकच, असे त्यांनी बजावले आणि तो भाग काढण्यास सांगितले. मिर्झांनी काढला नाही. त्याखाली नव्या ओळी जोडल्या आणि स्वतःलाच संबोधून आधीचा विचार अमान्य केला.

हालींचा भर येथे मिर्झांच्या स्वभावावर आहे. परंतु मसनवी युक्तिवाद म्हणून वाचली, तर तिने मौलानांच्या तर्कातील नेमकी फट दाखवली आहे. ‘अंतिम दोन नसतात’ हे एका मालिकेपुरते खरे. मालिकाच दोन असतील तर? आणि कुरआनात ‘आलमीन’ हे अनेकवचन आहे (२१:१०७). सर्व जगे मिळून मालिका एकच, हे मौलानांना मग वेगळे सिद्ध करावे लागते. ते तर्काने होत नाही, श्रद्धेने होते. अर्थात मिर्झांची उणीवही स्पष्ट आहे. या जगातील समतुल्य स्वरूपतः अशक्य की वचनामुळे अशक्य, या मूळ प्रश्नाला त्यांनी बगल दिली.

आणखी एक गोष्ट नजरेआड होऊ नये. हालींच्याच सांगण्यानुसार, मिर्झांनी आपल्या उर्दू दीवानातील कितीतरी दुर्बोध शेर वगळले ते मौलाना फज्ले हक यांच्या प्रभावामुळे. त्या मित्राच्या सांगण्यावरून स्वतःच्या कवितेवर कात्री चालवणाऱ्या कवीने येथे मात्र ओळी राहू दिल्या. फतव्यात मागे घेतलेले मत पुसले जाते. या मसनवीत ते नकारासह शिल्लक राहिले आणि वाचकाच्या हाती दोन्ही बाजू आल्या.

पुढे इक्बाल यांनी ‘जावेदनामा’त (१९३२) गुरू ग्रहावर गालिबची भेट घडवली आणि नेमका याच आशयाचा खुलासा विचारला. तेथेही गालिब मोकळेपणाने बोलत नाहीत. अधिक विचारणे काव्यापलीकडचे आहे, असे सांगून ते थांबतात आणि पुढचे विवेचन हल्लाज करतो. एका महाकवीलाही त्या ओळी मिटलेल्या वाटल्या नाहीत, हे यातून दिसते.

अध्यापकाच्या दृष्टीने या प्रकरणाचे मोल येथेच आहे. दगडाचा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला गप्प बसवण्याऐवजी त्याच्याकडून तीन भेद करवून घेता येतात : शब्दांतच विसंगत असलेली गोष्ट, वचनामुळे न घडणारी गोष्ट आणि दुर्बलतेमुळेच ‘जमणारी’ गोष्ट. एवढे भेद केल्यावर त्याचा प्रश्न कदाचित सुटेल, कदाचित अधिक नेमका होऊन परत येईल. मौलाना फज्ले हक, शाह इस्माईल आणि गालिब या तिघांचाही ईमान हा प्रश्न विचारल्याने ढळला नव्हता, हेही त्या विद्यार्थ्याला कळले पाहिजे.