अठ्ठेचाळीस ओळींचा दिवस

पान पहाटे साडेपाचला सुरू होतं. यंत्राचं घड्याळ जागतिक वेळेवर चालतं, त्यामुळे त्याची मध्यरात्र म्हणजे आपली साडेपाचची वेळ. एका ओळीत अर्धा तास, अशा अठ्ठेचाळीस ओळी. शब्द एकही नाही, नुसती रेघ. पुण्यातल्या आमच्या तळमजल्यावरच्या घरात तळहातावर मावेल एवढा भूकंपमापक आहे. नाव रास्पबेरी शेक, जन्म पनामातला. आत चुंबक आणि स्प्रिंगवर तोललेली तारेची गुंडाळी. जमीन हलली की चुंबक तिच्याबरोबर हलतं, गुंडाळी जडत्वाने मागे राहते आणि तारेत क्षीण वीज उमटते. सेकंदाला शंभरदा ती मोजून ही रेघ निघते. वर्षभर मी ती रोज वाचतो आहे.

पहिलं वाचन फसलं. यंत्र तेव्हा पुस्तकांच्या कपाटावर होतं आणि मला रोज सकाळी भूकंप सापडत होता, तोही सहा वाजून दहा मिनिटांनी. भूकंप इतका वक्तशीर नसतो, हे ध्यानात यायला चार दिवस गेले. ती सोसायटीची पाण्याची मोटर होती.

काव्यशास्त्रज्ञ अभिनवगुप्ताने रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. ती दूर झाल्यावर जी निर्वेध प्रतीती उरते, तिलाच तो रस म्हणतो. या रेघेपुढे बसलं की ते अक्षरशः पटतं. भूकंप पानावर बाहेरून आणून ठेवायचा नसतो. त्याच्या आड येणारं बाजूला करायचं असतं. पण बाजूला करायचं तर विघ्नाची ओळख हवी, आणि ओळख पटते ती आकारावरून.

दार आपटलं की एकच उभा टोचा उठतो, त्याला शेपूट नसतं. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की रेघ जाड होते, ठरावीक मिनिटं जाड राहते आणि कात्रीने कापावी तशी पुन्हा बारीक होते. कोणी खोलीतून चालत गेलं तर सेकंदाला दोनेक टोचे, जवळ येताना उंच होणारे, लांब जाताना बुटके. रस्त्यावरच्या ट्रकचा आकार सुताच्या चातीसारखा: दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये फुगलेला. दिवाळीतला सुतळी बॉम्बही उमटतो, कारण हवेतला दणका जमिनीला आणि यंत्राच्या डबीला हलवतो. कुकरची शिट्टी मात्र घरभर ऐकू येते आणि पानावर कुठेच नसते.

आता चव्वेचाळिसावी ओळ. पहाटे तीननंतरची. मोटर बंद, रस्ता रिकामा, रेघ केसासारखी. तिच्यात मध्येच, कसलीही पूर्वसूचना न देता, एक बारीक थरथर सुरू होते. ती पी लाट. ती विरत असतानाच, पंधराएक सेकंदांनी, दुसरी आणि मोठी उसळी येते. ती एस लाट. दोन्हींमधल्या सेकंदांना आठाने गुणलं की किलोमीटरमधलं अंतर ढोबळमानाने निघतं: सव्वाशे. मग रेघ शांत होते, पण घाईने नाही. ट्रक येताना आणि जाताना सारखाच असतो. भूकंप मात्र अचानक येतो आणि रेंगाळत जातो, कारण खडकाखडकांवरून विखुरलेल्या लाटा उशिरापर्यंत पोचत राहतात. ओळखीची सगळी किल्ली या असमतोलात आहे.

या एका यंत्राला अंतर कळतं, दिशा नाही. पण सव्वाशे म्हटलं की पुण्यातल्या माणसाला कोयना आठवणारच. 11 डिसेंबर 1967च्या पहाटेचा 6.3 तीव्रतेचा धक्का आमच्या आधीच्या पिढीच्या बोलण्यातून गेलेला नाही, आणि धरणात पाणी साठू लागल्यापासून तिथली जमीन आजही अधूनमधून कुरकुरते. सकाळी अधिकृत नोंदीत कोयना परिसराचंच नाव होतं.

कपाटावर यंत्र असताना ही ओळ वाचता आली नसती. कपाट डोलतं, लाकूड कुरकुरतं, वरच्या मजल्यावर तर अख्खी इमारत आपला सूर मिसळते. आता यंत्र जिन्याखालच्या कोपऱ्यात, कॉलमशेजारी आहे. फरशी आधी ठोकून पाहिली. पोकळ वाजणारी टाळली. पाणसळ लावून पाय समपातळीत आणले. झुळुकीने आणि तापमानाच्या चढउताराने रेघ भरकटू नये म्हणून वर थर्माकोलचं खोकं पालथं घातलं. वायर ताणलेली न ठेवता सैल वेटोळं करून सोडली, नाहीतर तिला बसलेला प्रत्येक हिसका यंत्रापर्यंत पोचतो.

एवढा खटाटोप कशाला, संगणकात गाळणी आहे की, असं कोणीही म्हणेल. दूरच्या भूकंपाला ती लागू पडते. हजारो किलोमीटर चालून आलेल्या लाटांची कंपनं संथ असतात. सेकंदाला दोनापेक्षा जलद कंपनं गाळली की घरातला बराच गलबला जातो आणि त्या वर येतात. पण कोयनेचा छोटा धक्का आणि आमच्या घरातलं पाऊल, दोन्ही त्याच जलद कंपनांचे. एकाला गाळलं की दुसराही जातो. शिवाय गाळणी सुरुवातीची धार बोथट करते. एखादी तर लाट येण्याआधीच खोटी थरथर काढून दाखवते. म्हणून माझा अनुभव असा: दूरचा भूकंप गाळणीने मिळतो, जवळचा जागा बदलून.

तरीही सगळं विघ्न जात नाही, आणि एक तर जाऊ नये असंच वाटतं. पावसाळ्यात, मध्यरात्रीनंतर, रेघ नीट ताणून पाहिली की तिला पाच-सहा सेकंदांची संथ हेलकावणी दिसते. तो समुद्र. विरुद्ध दिशांनी आलेल्या लाटा एकमेकींना भिडल्या की त्यांचा दाब थेट तळापर्यंत पोचतो, लाटांच्या दुप्पट वारंवारतेने. ही उकल गणितज्ञ लाँगेट-हिगिन्स यांनी 1950 मध्ये केली. रसशास्त्राच्या भाषेत पावलं, फ्रिज, ट्रक हे येऊन जाणारे संचारी भाव. ही हेलकावणी स्थायी. आणि संचारी भावांनाही बोलता येतं. 2020च्या टाळेबंदीत 117 देशांतल्या 268 केंद्रांच्या नोंदी अभ्यासल्या गेल्या, त्यांत घरगुती यंत्रंही होती. माणसांच्या वर्दळीची कंपनं काही ठिकाणी निम्म्यापर्यंत उतरली होती. जो गोंगाट इतकी वर्षं गाळून फेकला जायचा, तोच त्या वर्षी मजकूर झाला.

चव्वेचाळिसाव्या ओळीकडे पुन्हा येतो, कारण तिचा शेवट सांगायचा राहिला. त्या रात्री मी जागाच होतो, मोबाइलवर रेघ उघडी होती. पी दिसली, एस दिसली. विरत जाणारी शेपटी अजून पुरती मिटली नव्हती आणि मला राहवलं नाही. यंत्र ठीक आहे ना, हे बघायला उठलो. पान आजही जपून ठेवलं आहे. शेपटीवर, सेकंदाला दोन या हिशोबाने, अकरा टोचे आहेत, प्रत्येक आधीच्यापेक्षा उंच. अभिनवगुप्ताच्या यादीत आपल्याच सुखदुःखात गुंतून पडणं हेही एक विघ्न आहे. ते मी तेव्हापासून घरात अनवाणी आणि हळू चालून कमी करतो आहे.