स्मरणरंजनाच्या सीमा : डहाणू-तलासरी परिसरातील बालपण आणि मराठी गद्य

प्रास्ताविक

मराठी ललित गद्यात बालपणीच्या गावाची आठवण हे एक चिरपरिचित आशयसूत्र आहे. नदीचा घाट, शाळेची घंटा, आजोळचे माजघर आणि सुट्टीतली दुपार यांभोवती आत्मचरित्रे, ललितलेख आणि कथा विपुल प्रमाणात लिहिल्या गेल्या आहेत. मराठी समीक्षेने या लेखनाला 'स्मरणरंजन' असे नाव दिले आणि बहुतेक वेळा ते किंचित तुच्छतेनेच वापरले. हा शब्द लावला की त्या लेखनाचा निकाल लागला, अशी एक सोयीची समजूत रूढ झाली. वास्तविक पाहता पाश्चात्त्य भाषांतील 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द मुळात वैद्यकशास्त्रातला आहे. योहानेस होफर या वैद्यकाने १६८८ मध्ये आपल्या प्रबंधासाठी ग्रीक धातूंपासून तो घडवला, तो घरापासून दूर असलेल्या माणसांना जडणाऱ्या आजारासाठी. म्हणजे या संज्ञेच्या मुळाशी रंजन नाही, वेदना आहे. मराठी प्रतिशब्दात वेदना गळाली आणि रंजन तेवढे उरले.

प्रस्तुत लेखाचा विषय आहे पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी हा परिसर. येथील बालपण मराठी गद्यात कोणत्या रूपात आले, कोणाचे आले आणि कोणाचे आले नाही, हा प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे. हा प्रश्न केवळ प्रादेशिक नाही. आठवण ही सर्वांना असते. परंतु आठवणीत रमण्याची मुभा सर्वांना सारखी असते काय, हा त्याच्या पाठीमागचा मूळ प्रश्न होय.

लंपनचे गाव : तुलनेसाठी एक संदर्भ

तुलनेसाठी प्रकाश नारायण संत यांच्या लंपन-कथा सोयीच्या ठरतात. 'वनवास' (१९९४) आणि 'शारदा संगीत' (१९९७) या संग्रहांतून साकारलेले गाव मराठी मुलखाच्या दक्षिण टोकाचे, बेळगाव परिसरातील आहे. कानडीचा हेल असलेली तेथील मराठी, आजी-आजोबांचे घर, सुमी आणि लंपनच्या तोंडी वारंवार येणारा 'मॅड' हा शब्द यांनी एका पिढीच्या वाचकांवर गारूड केले. संत हे व्यवसायाने भूशास्त्राचे प्राध्यापक होते, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यांच्या कथनात आठवणी एकावर एक थर बसावेत तशा बसतात आणि लेखक वरचा थर खरवडून खालचा दाखवत नाही, तो फक्त कड उघडी ठेवतो. लंपन आईवडिलांपासून दूर वाढतो. संग्रहाचे शीर्षकच 'वनवास' आहे. म्हणजे येथेही मूळ वेदना शाबूत आहे आणि म्हणूनच या कथा निव्वळ गोडव्यावर संपत नाहीत.

मात्र लंपनजवळ काही गोष्टी निश्चित आहेत. त्याला घर आहे, शाळा आहे, त्याची भाषा समजून घेणारी मोठी माणसे आहेत आणि दुपार रिकामी आहे. या चार गोष्टी गृहीत धरल्या की गाव सुंदर दिसू लागते. आनंद यादवांच्या 'झोंबी'मध्ये (१९८७) यांपैकी रिकामी दुपार आणि निर्वेध शाळा या दोन गोष्टी काढून घेतल्या गेल्या आहेत, दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) त्याहून अधिक. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जन्मलेल्या मुलाजवळ या चारपैकी किती गोष्टी होत्या, असे विचारले की स्मरणरंजनाची सीमारेषा स्पष्ट दिसू लागते.

'वाडी', 'कुरण' आणि 'जत्रा'

डहाणूला स्मरणरंजनाचे साहित्य नाही असे नाही. ते पुस्तकरूपाने थोडे आणि शाळांच्या स्मरणिका, ज्ञातिपत्रिका व घरगुती गप्पांतून पुष्कळ आहे. खाडीलगतचे डहाणू गाव, डहाणू रोड स्थानकाभोवती वाढलेली वस्ती, घोलवड-बोर्डीचा सुरूच्या झाडांचा किनारा, पारशी व इराणी बागायतदारांचे बंगले, चिकूच्या वाड्या आणि आचार्य भिसे यांच्यासारख्या शिक्षकांमुळे नावारूपास आलेले बोर्डीचे शैक्षणिक वातावरण, असा या आठवणींचा ठरलेला ऐवज असतो. त्यात खोटे काही नाही. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि या ऐवजाला जणू अधिकृत शिक्काही लाभला.

अडचण शब्दांची आहे. 'वाडी' हा शब्द घ्यावा. बागायतदाराच्या नातवासाठी वाडी म्हणजे सावली, पाटाचे पाणी आणि झाडावरचा झोपाळा. त्याच वाडीत चिकू उतरवणाऱ्या, वेचणाऱ्या वारली कुटुंबातील मुलासाठी वाडी म्हणजे आईवडिलांच्या मजुरीची जागा. 'कुरण' हा शब्दही असाच आहे. शहरातून सुट्टीला आलेल्या मुलाला कुरण म्हणजे मोकळे माळरान वाटते. गुरे राखणाऱ्या मुलाला ते कामाचे ठिकाण असते. एकाच भूभागावर एकाच काळात दोन बालपणे चालू होती आणि दोघांच्याही तोंडी तेच शब्द होते. स्मरणिकेतील लेखात पहिल्या मुलाची वाडी येते. दुसरा मुलगा त्या लेखात आलाच तर 'आमच्याकडचा गडी' म्हणून, बहुधा पहिल्या नावाने आणि नेहमी प्रेमळपणे येतो. हा प्रेमळपणाच वाचकाला सर्वाधिक फसवतो.

विवळवेढे येथील महालक्ष्मीची चैत्रातील जत्रा हे या दोन्ही बालपणांना एकत्र आणणारे स्थळ. गडावर ध्वज चढवण्याचा मान आदिवासी कुटुंबाकडे आहे. गावातील मुलाला जत्रेतून खेळणी आठवतात, तर पाड्यावरच्या कुटुंबाला पावसाळ्यापूर्वीची खरेदी आणि दूरच्या नातेवाइकांची भेट. येथे मात्र दोन्ही स्मृतींत आनंद आहे, हे नोंदवले पाहिजे. आदिवासी बालपण म्हणजे केवळ दैन्य, अशी उलटी सरसकट मांडणी करणे हेही एक प्रकारचे आंधळेपणच ठरेल. तारप्याभोवतीचा नाच, पहिल्या पावसानंतरचे खेकडे, रानातले कंद यांची ओढ कोणत्याही मापाने कमी प्रतीची नाही. तिला छापील जागा मिळाली नाही, एवढाच फरक आहे.

रेमंड विल्यम्स यांनी १९७३ च्या आपल्या ग्रंथात इंग्रजी साहित्यातील ग्रामजीवनाचा शोध घेताना असे दाखवून दिले की, प्रत्येक पिढीला सुवर्णयुग आपल्या किंचित मागे आढळते आणि त्या युगात जाऊन पाहावे तर तेथील लेखक त्याच्याही मागे बोट दाखवत असतात. डहाणूच्या बाबतीत हा शोध १९४५ या वर्षाशी येऊन अडतो.

जागे होण्याची आठवण

गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यास मिळाला. तत्कालीन उंबरगाव व डहाणू तालुक्यांतील वारली जमीनदारांच्या वेठीला जुंपलेले होते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी नवराबायको दोघेही सावकाराचे बांधील होत. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. लग्नासारखा मंगल शब्द गुलामीच्या नावात शिरावा, याहून बोलके भाषिक साक्ष्य शोधण्याची गरज नाही. मे १९४५ मध्ये आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे वारल्यांची सभा झाली आणि वेठबिगारी नाकारण्याचा निर्धार झाला. गवतकापणीच्या मजुरीच्या दरावरून संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. हा दिवस तलासरी परिसरात आजही हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो.

समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, हे पुस्तक घटनेनंतर पंचवीस वर्षांनी लिहिले गेले. म्हणजे तेही एक स्मरणच आहे. पाड्यांवर काढलेल्या रात्री आणि अनोळखी माणसांनी टाकलेला विश्वास यांकडे लेखिका मागे वळून पाहते तेव्हा तिच्या गद्यात एक उबदारपणा येतो. तो स्मरणरंजनाच्या फार जवळचा आहे. परंतु तिला परत जावेसे वाटते ते जुन्या गावाकडे नव्हे. गाव मोडू लागल्याच्या क्षणाकडे. स्वेतलाना बॉइम यांनी २००१ मध्ये स्मरणरंजनाचे गतकाळ पुन्हा उभारू पाहणारे आणि गतकाळावर चिंतन करणारे असे जे दोन प्रकार कल्पिले, त्यांपैकी एकातही हे पुस्तक पुरते बसत नाही.

मर्यादाही नोंदवावयास हवी. हे पुस्तक प्रौढांचे आहे. जागा होतो तो 'माणूस'. त्याचे मूल त्याच्या शेजारी कडेला उभे असते. झरीच्या सभेला आईच्या कडेवर बसून आलेल्या मुलाने पुढे त्या दिवसाविषयी काय सांगितले असते, हे पान मराठीत कोरेच आहे.

शाळा मुलाकडे जाते

अनुताई वाघ यांचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' वाचताना ही कडेला उभी असलेली मुले समोर येतात. १९४५ मध्येच, म्हणजे वारल्यांच्या उठावाच्याच वर्षी, ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. एकाच वर्षी, काही कोसांच्या अंतरावर, एकीकडे लाल बावटा आणि दुसरीकडे माँटेसरीची देशी साधने अशा दोन चळवळी चालू होत्या. मराठी समीक्षेने या दोन पुस्तकांचा विचार क्वचितच एकत्र केला आहे. एक 'राजकीय' आणि दुसरे 'शैक्षणिक' अशा कप्प्यांत ती पडून राहिली.

कोसबाडच्या प्रयोगाचे मर्म असे की, मूल शाळेत येत नाही तर शाळेने मुलाकडे जावे. पाड्यातील अंगणात भरली ती अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी भरली ती कुरणशाळा. आज 'अंगणवाडी' हा शब्द सरकारी कागदांत इतका घासला गेला आहे की त्यातले अंगण कोणाला दिसत नाही. 'कुरणशाळा' या शब्दात मात्र वर उल्लेखिलेला भेद एकदम उजेडात येतो. ज्यांनी हा शब्द योजला त्यांना कुरण हे मुलाच्या कामाचे ठिकाण आहे हे ठाऊक होते. त्यांनी मुलाला कुरणातून उठवले नाही, कुरणालाच शाळा केले.

अनुताईंच्या निवेदनाला एक खोल अंतःप्रवाह आहे. त्या स्वतः तेराव्या वर्षी विवाहित आणि लगेच विधवा झाल्या होत्या. स्वतःचे बालपण अकाली संपलेली स्त्री इतरांच्या बालपणाची राखण करते, तेव्हा तिच्या लेखनात आत्मकरुणेला पुष्कळ वाव होता. तो त्यांनी घेतला नाही. त्यांची वाक्ये कामाच्या हिशोबासारखी सरळ आहेत. काही ठिकाणी त्या उपदेशाकडे झुकतात आणि मुलांच्या घरच्या चालीरीतींकडे सुधारकाच्या नजरेने पाहतात, हा दोष आहेच. पाड्यावरची आई त्यांच्या लेखनात शिकवण्याचा विषय होते, सांगणारी होत नाही. तरीही कोसबाडच्या मुलांना हात, नाक, डोळे आणि हट्ट असलेली मुले म्हणून मराठी गद्यात प्रथम जागा मिळाली ती येथे.

पुसली जाणारी आठवण

लेखनाबाहेरचा एक पुरावा येथे विचारात घेणे अपरिहार्य आहे. डहाणू तालुक्यातील गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांच्याविषयी असे सांगितले जाते की, लहानपणी आई गेल्यावर त्यांची वाचा बंद झाली आणि ते धुळीत चित्रे काढून आपले म्हणणे इतरांना सांगत. लग्नाचा चौक सुवासिनींनी लिहावा ही रूढी. मशे यांनी पुरुष असूनही आणि लग्नप्रसंग नसतानाही रोज चित्र काढले. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांत जाळे आहे, वारूळ आहे, शेत आहे, आगगाडी आहे. 'माझे बालपण' अशी वेगळी चौकट नाही. माणसे दोन त्रिकोणांची, चेहऱ्याविना. स्मरणरंजनाला जो एकटा 'मी' लागतो तो या चित्रभाषेत मुळातच नाही.

आणखी एक गोष्ट आहे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहिलेला चौक टिकावा म्हणून लिहिलेला नसतो. भिंत पुन्हा सारवली जाते, पुढच्या लग्नाला चौक पुन्हा लिहिला जातो. येथे आठवण म्हणजे जपून ठेवलेली वस्तू नव्हे, पुन्हा केलेले काम होय. ही कला कागदावर आणि कापडावर आली तेव्हा ती टिकाऊ झाली, विकाऊही झाली, आणि शहरी दिवाणखान्यात लटकून दुसऱ्याच कोणाच्या तरी 'हरवलेल्या गावा'चे चित्र बनली. वारली माणसाने न लिहिलेले स्मरणरंजन त्याच्या चित्रांवर बाहेरून चढवले गेले.

आज हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला गेला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून प्राधिकरण नेमले गेले. २०१३ मध्ये मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत आली. जून २०२४ मध्ये वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. बदल होताना आठवणींना भाव येतो. किनाऱ्याविषयी हळवे लेखन येत्या काळात वाढत जाणार, हे सांगण्यास ज्योतिष लागत नाही. त्या लेखनात मच्छीमाराचे ज्ञान म्हणजे कोणत्या वाऱ्याला कोणती मासळी, कोठे खडक आणि कोठे चिखल, हे आठवण म्हणून नोंदले जाईल की चालू व्यवसायाचे शास्त्र म्हणून, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. जिवंत गोष्टीला आठवण म्हणणे हे तिला अर्धी पुरण्यासारखे असते.

तलासरी आणि डहाणूतील आश्रमशाळांतून शिकलेली पिढी आता महाविद्यालयांच्या वर्गांत बसते. तिच्या हाती लेखणी आहे, पण तिच्यापुढे ठेवलेले नमुने वाडीच्या आठवणींचे आहेत. 'माझे बालपण' या विषयावर निबंध लिहावयास सांगितला की विद्यार्थी नदी, आमराई आणि आजोळ लिहितो, मग त्याच्या पाड्यावर आमराई असो वा नसो. घरात बोलल्या जाणाऱ्या वारलीतील शब्द तो उत्तरपत्रिकेत येऊ देत नाही, कारण त्याखाली लाल रेघ येईल हे त्याला शाळेने शिकवले आहे. लंपनच्या मराठीतील कानडी हेल मराठी वाचकाने कौतुकाने ऐकला. तोच कान पाड्यावरच्या मराठीला मिळावयाचा असेल, तर आधी ती लाल रेघ कोणाच्या हातातील पेनाने ओढली जाते हे पाहावे लागेल.