सायक्लोस्पोरिन आणि हृद्स्नायूची पुनर्प्रवाह इजा : एका गृहीतकाची समीक्षा

हृदयविकाराच्या झटक्यात बंद पडलेली धमनी लवकरात लवकर उघडणे हा मुख्य उपचार आहे. मात्र रक्तप्रवाह परत सुरू होतानाच हृद्स्नायूच्या काही पेशी मरतात. या हानीला पुनर्प्रवाह इजा म्हणतात. प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे असा अंदाज मांडला गेला आहे की, मृत झालेल्या एकूण स्नायूपैकी निम्म्यापर्यंत भाग या इजेमुळे मरत असावा. तरीही ही इजा रोखणारे औषध नेहमीच्या उपचारात आलेले नाही. असे का झाले, हे सायक्लोस्पोरिनच्या उदाहरणावरून तपासू.

जनुकीय पुरावा

रक्त परतताच पेशीत कॅल्शियम आणि ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू वाढतात व पेशीतील आम्लता झपाट्याने कमी होते. त्यामुळे तंतुकणिकेच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या, आतील पटलात एक रंध्र उघडते. एटीपीची निर्मिती थांबते, तंतुकणिका फुगते आणि पेशी मरते. हे रंध्र उघडण्यास सायक्लोफिलिन-डी हे प्रथिन मदत करते. त्याचे जनुक पीपीआयएफ. 2005 साली ‘नेचर’मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले की, हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत पुनर्प्रवाहानंतर कमी स्नायू मरतो. प्रत्यारोपणात वापरले जाणारे सायक्लोस्पोरिन याच प्रथिनाला अडवते. म्हणजे लक्ष्यही सापडले होते आणि औषधही हाताशी होते.

रुग्णांवरील चाचण्या

2008 साली फ्रान्समध्ये 58 रुग्णांना अँजिओप्लास्टीच्या वेळी सायक्लोस्पोरिन किंवा नियंत्रक द्रावण देण्यात आले. औषध मिळालेल्या गटात क्रिएटिन कायनेज कमी आढळले. ट्रोपोनिनमधील घट मात्र संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकली नाही. एमआरआय फक्त 27 रुग्णांचा झाला. तरी या चाचणीने मोठी आशा निर्माण केली.

2015 च्या ‘सर्कस’ चाचणीत 791 रुग्णांचे विश्लेषण झाले. मृत्यू, हृदयक्रिया मंदावणे किंवा डाव्या जवनिकेचे घातक प्रसरण यांपैकी काहीतरी वर्षभरात घडलेल्यांचे प्रमाण औषधगटात 59.0 टक्के, तर नियंत्रक गटात 58.1 टक्के होते. फायदा दिसला नाही. 2016 च्या इटलीतील ‘सायकल’ चाचणीतही लाभ आढळला नाही.

युक्तिवाद कुठे कमी पडला?

1. जनुक काढलेल्या उंदरात ते प्रथिन जन्मापासूनच नसते. रुग्णाला औषध मिळते ते ऐन वेळी, एका मात्रेत. ही दोन्ही एकच गोष्ट मानता येत नाही.

2. सायक्लोफिलिन-डी हे स्वतः रंध्र नसून त्याचे नियामक आहे. ते नसतानाही कॅल्शियम पुरेसे वाढले की रंध्र उघडते. शिवाय हृदयावर दीर्घकाळ दाबाचा ताण दिल्यास हे प्रथिन नसलेल्या उंदरांची अवस्था अधिक बिघडते, असे 2010 मध्ये दिसून आले.

3. प्रयोगातील उंदीर तरुण व निरोगी असतात आणि त्यांची धमनी ठरावीक वेळच बंद ठेवली जाते. रुग्ण वयस्क असतो, त्याला मधुमेह असू शकतो, इतर औषधे चालू असतात आणि धमनी कित्येक तास बंद असते.

या अपयशामुळे रंध्राचा सिद्धान्त खोटा ठरत नाही. 2008 आणि 2015 च्या चाचण्यांत औषधाची द्रावणरूपेही वेगळी होती. पण ‘जनुक काढले की स्नायू वाचतो’ यावरून ‘प्रथिन अडवले की रुग्ण वाचतो’ असा निष्कर्ष थेट निघत नाही. अनेक पाठ्यटिपणांत बाणांच्या आकृतीखाली ‘संभाव्य औषधे’ अशी यादी येते आणि नेमकी हीच पायरी गाळली जाते.

भारतीय विद्यार्थ्यांनी आणखी एक आकडा लक्षात ठेवावा. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिएट’ नोंदणीत लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यक काळ 360 मिनिटे होता. इतक्या वेळात वाचवण्याजोगा बराचसा स्नायू आधीच मेलेला असतो. पुनर्प्रवाह इजेवरचे औषध उरलेल्याच स्नायूला वाचवू शकते.

विचारासाठी प्रश्न

1. 2008 च्या चाचणीत क्रिएटिन कायनेज व ट्रोपोनिन यांचे निष्कर्ष जुळले नाहीत. तुम्ही काय अनुमान काढाल?

2. पीपीआयएफ जनुक प्रौढ, मधुमेही उंदरात ऐन वेळी निष्क्रिय केले, तर वरीलपैकी कोणत्या आक्षेपांचे उत्तर मिळेल आणि कोणते शिल्लक राहतील?