पाच डॉलरांची थट्टा : प्यूडीपाय आणि ‘मी तर गंमत केली’

मागच्या वेळी विनोद आणि नीती यांच्याबद्दल बोलताना आपण अ‍ॅरिस्टॉटलपाशी थांबलो होतो. आजचं उदाहरण यूट्यूबवरचं आहे. विषय जाहीर झाल्यावर एकदोघांनी विचारलं, सर, ह्या माणसावर व्याख्यान? तत्त्वज्ञानाच्या मालिकेत? तर हो. दहा कोटींहून जास्त लोक ज्याचं बोलणं ऐकायला नाव नोंदवतात, तो काय बोलतो आणि बोललेल्याचं पुढे काय होतं, हे तपासायचं नसेल तर सॉक्रेटिसचे बाजारातले संवाद तरी कशाला तपासायचे? आम्ही गेले दोन महिने त्याचे व्हिडिओ बघतो आहोत. घरच्यांना वाटलं, ह्यांचं आता काही खरं नाही.

माणूस कोण? फेलिक्स नावाचा स्वीडिश मुलगा, जन्म १९८९, गाव गॉथेनबर्ग. आडनाव आपल्याकडे केलबर्ग असं लिहितात, स्वीडिश माणूस ते साधारण ‘शेलबेरी’ असं म्हणतो. चाल्मर्स या नावाजलेल्या तंत्रविद्यापीठात शिकत होता, २०११ मध्ये शिक्षण सोडलं आणि पोटापाण्यासाठी हॉटडॉगच्या गाडीवर काम धरलं. ‘प्यूडीपाय’ या नावाची कथाही गमतीची. ‘प्यू’ म्हणजे खेळातल्या लेझर बंदुकीचा आवाज, ‘डाय’ म्हणजे मरणं. आधीच्या खात्याचा पासवर्ड विसरला, म्हणून २०१० मध्ये नवं खातं काढताना मागे ‘पाय’ चिकटवला. इतक्या निष्काळजीपणे ठेवलेलं नाव पुढे जगभर झालं.

तो करायचा काय? भीतीचे व्हिडिओ गेम खेळायचा आणि खेळताना स्वतःला दाखवायचा. ‘अ‍ॅम्नेशिया’ नावाचा एक गेम आहे, अंधारा किल्ला, हातात कंदील, कुठूनतरी काहीतरी अंगावर येणार. पडद्याच्या कोपऱ्यात ह्याचा चेहरा. तो घाबरतो, किंचाळतो, खुर्चीवरून उडतो, मग स्वतःलाच हसतो. आम्ही नाक मुरडायच्या तयारीनंच बसलो होतो, पण तसं झालं नाही. रात्री स्मशानाच्या कडेनं जाताना बरोबर एखादा बडबड्या मित्र असावा, तशी त्याची सोबत वाटते. तो आपल्यापेक्षा जास्त घाबरतो, त्यामुळे आपली भीती हलकी होते. शेवटी कॅमेऱ्यासमोर मूठ पुढे करायचा, बघणाऱ्यानं आपली मूठ काचेला टेकवायची. घरात एकट्या बसलेल्या पोरांना ह्यातून काय मिळत असेल, ते समजायला फार पांडित्य लागत नाही.

आणि हे त्यानं स्टुडिओ, लेखकांचा ताफा असलं काही न जमवता केलं. एक खोली, एक खुर्ची, एक माणूस. २०१२ च्या जुलैत दहा लाख सदस्य झाले, १५ ऑगस्ट २०१३ ला तो यूट्यूबवरचा सर्वाधिक सदस्यांचा माणूस झाला आणि पुढे पाच वर्षांहून जास्त काळ तिथेच राहिला. आमचा सगळा मुद्दा ह्या खोलीबद्दल आहे. खोली वाढत वाढत देशाएवढी झाली, पण तो बोलत राहिला तो चार दोस्तांत बोलावं तसाच.

आता जानेवारी २०१७. ‘फायव्हर’ नावाचं एक संकेतस्थळ आहे, तिथे लोक पाच डॉलरांपासून किरकोळ कामं करून देतात. ह्यानं ठरवलं, बघू या पाच डॉलरांत माणसं काय काय करायला तयार होतात. भारतातल्या काही तरुणांचा एक गट तिथे होता, तुम्ही सांगाल तो मजकूर फलकावर लिहून नाचत-हसत व्हिडिओ करून देणारा. ह्यानं त्यांना मजकूर दिला, तो सगळ्या ज्यूंचं मरण मागणारा. त्यांनी तो लिहिला. दोघं जण हसत हसत फलक उलगडतात आणि इकडे स्वीडिश गृहस्थ तोंडावर हात ठेवून थक्क. मला वाटलंच नव्हतं की हे खरंच करतील, असा त्याचा भाव.

फेब्रुवारीत ‘वॉल स्ट्रीट जर्नल’नं लिहिलं, की आधीच्या सहा महिन्यांतल्या नऊ व्हिडिओंत ज्यूविरोधी थट्टा किंवा नाझी चित्रं आहेत. डिस्नेच्या मालकीच्या मेकर स्टुडिओनं त्याच्याशी संबंध तोडले, यूट्यूबनं त्याच्या मालिकेचा दुसरा भाग रद्द केला. त्याचं म्हणणं असं, की आपल्याला आजचं जग किती वेडं झालं आहे ते दाखवायचं होतं, पाच डॉलरांत लोक काहीही बोलतात हे दाखवायचं होतं. थट्टा आक्षेपार्ह होती हेही त्यानं मान्य केलं, पण वृत्तपत्रानं संदर्भ तोडून तुकडे दाखवले ही तक्रार ठेवली. ती तक्रार अगदीच खोटी नाही. काही तुकडे खरोखर तोडलेले होते, हिटलरचं चित्रण त्यानं माध्यमांच्याच अतिरेकाची टिंगल करायला वापरलं होतं.

पण फलकाचं काय? इथे जे. एल. ऑस्टिन कामाला येतो. ऑस्टिन म्हणतो, की काही वाक्यं बोलणं हीच कृती असते. ‘मी वचन देतो’ म्हटलं की वचन दिलं गेलं. मात्र नटानं रंगमंचावर दिलेलं वचन पोकळ असतं, कारण तिथे भाषा वेगळ्या तऱ्हेनं, नेहमीच्या वापरावर पोसून चाललेली असते. प्यूडीपायचा बचाव हाच आहे, की मी रंगमंचावर होतो. मान्य करू. मग प्रश्न येतो, रंगमंच कुणाचा? त्याला ठाऊक होतं हे नाटक आहे, त्याच्या नेहमीच्या प्रेक्षकाला ठाऊक होतं. फलक धरणाऱ्या त्या दोघांना नव्हतं. त्या वाक्याचा अर्थच आपल्याला कळला नव्हता, असं त्या गटानं नंतर सांगितलं आणि माफी मागितली. तेव्हा ह्या नाटकात दोन पात्रं अशी होती, ज्यांना आपण नाटकात आहोत हेच माहीत नव्हतं. फायव्हरनं खातं बंद केलं ते त्यांचं. ह्यांना शिक्षा करू नका, असं फेलिक्सनं स्वतः सांगितलं, हे त्याच्या बाजूनं नोंदवू. पण पोटावर पाय आला तो आधी त्यांच्या. थट्टा लिहिणाऱ्याचा उतारा म्हणजे ‘मी तर गंमत केली’. तो उतारा त्यांच्याकडे नव्हता, कारण गंमत त्यांनी केलीच नव्हती, त्यांनी काम केलं होतं.

तमाशातला सोंगाड्या आठवा. पुढच्या रांगेत पाटील बसलेला असतो, सोंगाड्या त्याच्या मिशीवरून, त्याच्या कंजूषपणावरून बोलतो. पाटील हसतो, निदान हसल्यासारखं करतो. ही मुभा सोंगाड्याला कुठून मिळते? समोरचा सोंगाड्याला ओळखतो, सोंगाड्या समोरच्याला ओळखतो, आणि सकाळी त्याच पाटलाच्या वाड्यावरून त्याला जायचं असतं. थट्टेला तारण म्हणून ही ओळख असते. (तमाशातही ज्यांच्या नावावर हशा पिकायचा त्या सगळ्यांना हसू येत होतं, असा आमचा दावा नाही. बायकांवरचे विनोद बायकांना विचारून कधी झाले?) अ‍ॅरिस्टॉटल ‘निकोमाखियन नीती’च्या चौथ्या प्रकरणात हेच बघतो, की माणूस काय बोलतो एवढंच नव्हे, तर कुणात बसून बोलतो. विदूषकाला हशा आवरत नाही, मग तो स्वतःलाही सोडत नाही नि दुसऱ्यालाही. चतुर विनोदी माणसाला मात्र बाहेरचा नियम लागत नाही, तो स्वतःच स्वतःचा नियम असतो. फेलिक्सच्या समोर तेव्हा पाच कोटींवर सदस्य होते. त्यांतल्या कुणाच्या वाड्यावरून त्याला सकाळी जायचं होतं?

आपल्यासाठी ह्यात आणखी एक गोष्ट आहे. ‘ज्यू’ हा शब्द त्या दोघांना निव्वळ अक्षरं वाटला असेल. पण अलिबागकडे, पेणकडे शनवार तेली म्हणजे कोण, हे जुन्या माणसांना विचारावं लागत नाही. बेने इस्राएल कुटुंबं, शनिवारी घाणा बंद ठेवणारी, घरात मराठी बोलणारी. आणि मुंबईत २००८ च्या नोव्हेंबरात नरिमन हाऊसमध्ये जे झालं, ते त्या फलकावरच्या वाक्याची अंमलबजावणीच होती. त्यानंतर जेमतेम आठ वर्षांनी भारतातल्याच दोन माणसांच्या हाती ते वाक्य पाच डॉलरांत देण्यात आलं. देणाऱ्याच्या मनात द्वेष होता असं आम्हाला वाटत नाही. त्याच्या मनात त्या दोघांचा किंवा ज्यूंचा विचारच नव्हता, असं वाटतं.

त्याच वर्षी सप्टेंबरात खेळाच्या थेट प्रक्षेपणात रागाच्या भरात त्याच्या तोंडून कृष्णवर्णीयांसाठीची शिवी गेली. इथे विनोदाचा बचाव नव्हताच, त्यानं माफी मागितली. यावर फार बोलण्यासारखं नाही.

२०१८ पासूनचा भाग मात्र आपल्या घरचा आहे. टी-सीरिज, म्हणजे गुलशन कुमारांची कंपनी. ज्यांच्या स्वस्त कॅसेटींवर आपण आरत्या आणि सिनेमाची गाणी ऐकली, ती कंपनी यूट्यूबवर ह्याला मागे टाकू लागली. भारतात मोबाईलचा डेटा स्वस्त झाला होता, त्याचा हा सरळ परिणाम. ह्यानं ऑक्टोबरात टिंगल करणारं गाणं काढलं, ते भारतीयांच्या मोडक्या इंग्रजीवर होतं. मग चाहत्यांची चळवळ उभी राहिली, ‘प्यूडीपायचे सदस्य व्हा’. कुणी जाहिरातींचे फलक लावले, कुणी जगभरचे प्रिंटर हॅक करून त्यांतून ही घोषणा छापली. एक माणूस विरुद्ध एक कंपनी, असं तिचं रूप होतं, आणि त्यात थोडं तथ्यही होतं. पण बघता बघता ‘एक गोरा विरुद्ध ते भारतीय’ असा सूर लागला. फेलिक्सला तो खटकला. डिसेंबरात त्यानं ‘क्राय’ या आपल्याकडच्या मुलांच्या संस्थेसाठी निधी गोळा केला, दोन लाख डॉलरांहून जास्त. चाहत्यांनी भारतीयांवर केलेल्या शेरेबाजीला दिलेलं हे उत्तर होतं आणि आम्हाला ते आवडलं.

१५ मार्च २०१९ ला न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चला मशिदींवर हल्ला झाला, ५१ माणसं गेली. गोळीबार सुरू करण्याआधी हल्लेखोरानं थेट प्रक्षेपणात तीच घोषणा म्हटली, प्यूडीपायचे सदस्य व्हा. फेलिक्सनं लगेच सांगितलं, की अशा माणसाच्या तोंडी आपलं नाव आलं ह्यानं शिसारी येते. त्या खुनांचा दोष त्याच्या माथी मारणं हे आम्हाला बेजबाबदार वाटतं. खुन्यानं ती घोषणा निवडली कारण ती सगळीकडे होती आणि तिच्यामुळे गोंधळ माजणार होता. पण त्यानंतर सोळाव्या दिवशी, ३१ मार्चला, फेलिक्सनं टी-सीरिजवर दुसरं गाणं काढलं. त्यात गरिबीवर टोमणा, जातिव्यवस्थेवर टोमणा. दिल्ली उच्च न्यायालयानं एप्रिलमध्ये दोन्ही गाणी भारतात दाखवायला अंतरिम मनाई केली. ती मनाई आम्हाला पटत नाही. जातिव्यवस्थेवर परक्यानं मारलेला टोमणा ऐकून घेण्याइतकी आपली कातडी जाड हवी, त्यात खोटं काय होतं? आमची तक्रार वेगळी आहे. सोळा दिवसांत पुन्हा गाणं सुचावं, ह्याचा अर्थ ती घोषणा आता कुणाच्या हातात गेली आहे, हे त्याला अजून कळलेलं नव्हतं. २८ एप्रिलला त्यानं व्हिडिओ करून ही मोहीम बंद करा असं चाहत्यांना सांगितलं. मधे ४४ दिवस गेले.

आणि मग सप्टेंबर. दहा कोटी सदस्यांचा टप्पा ओलांडल्याच्या आनंदात त्यानं ज्यूविरोधी द्वेषाशी लढणाऱ्या अँटी-डिफेमेशन लीग या अमेरिकी संस्थेला पन्नास हजार डॉलर देण्याचं जाहीर केलं. चाहते उसळले. कुणी म्हणालं ही संस्था तुझ्याविरुद्ध बोलली होती, कुणी म्हणालं तुला कुणीतरी धमकावलं आहे. दोन दिवसांत त्यानं देणगी मागे घेतली. संस्था आपण विचार करून निवडली नव्हती, असं कारण दिलं. कारण खरं असेलही. पण दृश्य काय दिसलं? मालक बोलला आणि खोलीनं त्याला गप्प केलं. ऑस्टिनच्या भाषेत सांगायचं, तर फलकावरच्या वाक्याला त्याच्या लेखी काही वजन नव्हतं, आणि ज्या एका वाक्याला खरंच वजन होतं, ‘मी देतो’, ते त्याला मागे घ्यावं लागलं. आम्हाला ह्या सगळ्या प्रवासात हा प्रसंग सर्वांत दुःखद वाटतो.

पुढे त्यानं वेग कमी केला. २०२२ मध्ये बायकोबरोबर जपानला राहायला गेला, बाप झाला. आता चित्रं काढतो, संगणकात डोकं घालतो, मनात येईल तेव्हा व्हिडिओ टाकतो. ते बघायला छान वाटतात. पूर्वीची किंचाळी नाही, खोली पुन्हा खोलीएवढी झाल्यासारखी वाटते.

त्या फलकवाल्या दोघांचा माफीचा व्हिडिओही आम्ही पाहिला होता. आपलं हे काम आहे, लोक सांगतात ते आम्ही लिहितो, कुणाचं मन दुखवायचं नव्हतं, असा त्याचा आशय. त्यांनी तो गंभीर चेहऱ्यानं केला आहे, न नाचता.

बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ. तो निळा शर्ट, हो, तुम्हीच.