रांगच नाही, तर नंबर कसला?

रोलेक्सची स्टीलची डेटोना अधिकृत दुकानात मागितली, तर ती सहसा लगेच मिळत नाही. नाव लिहून घेतात. लोक त्याला वेटिंग लिस्ट म्हणतात. पण रेशनच्या रांगेत नंबर तरी असतो, इथे तोही नाही. घड्याळ कुणाला द्यायचं, हे दुकानदार ठरवतो. घेऊन लगेच चढ्या भावात विकणारं गिऱ्हाईक त्याला नको असतं.

आता हेच एआय चॅटबॉटला विचारा. उत्तर बहुधा मुद्देसूद येतं: आधी दुसरी घड्याळं घ्या, ओळख वाढवा, पुढे विकायची भाषा काढू नका. माझा आक्षेप इथेच आहे. दुकानदाराच्या मर्जीला तो नियमाचं रूप देतो. त्या भरवशावर माणूस नको असलेल्या घड्याळांत लाखो रुपये घालतो.

'गुंतवणूक' या शब्दाचंही तसंच. २०२२च्या सुरुवातीला पुनर्विक्रीचे भाव शिगेला होते, नंतर ते उतरले. तेजीतलं लिखाण मात्र तसंच राहतं, आणि यंत्र तेही वाचून शिकतं.

तेव्हा चॅटबॉटला घड्याळाची माहिती जरूर विचारा. पण पैसे मोजण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: डेटोना मिळालीच नाही, तरी हे दुसरं घड्याळ मी आवडीनं घालीन का?