वादाची मर्यादा : रामगिरीच्या स्थाननिश्चितीच्या निमित्ताने

विद्वच्चर्चेतील शिष्टाचार म्हणजे केवळ भाषेचे सौजन्य, असा समज पुष्कळदा आढळतो. वस्तुतः सौम्य शब्दांतही प्रतिपक्षावर अन्याय करता येतो. ‘मेघदूता’तील रामगिरी कोणता, या प्रश्नावर झालेली चर्चा या दृष्टीने उद्बोधक आहे.

या प्रश्नाची तीन उत्तरे विशेष प्रसिद्ध आहेत. मल्लिनाथाने रामगिरी म्हणजे चित्रकूट असे मानले, काही आधुनिक अभ्यासकांनी सरगुजातील रामगड सुचविला, तर वा. वि. मिराशी यांनी रामटेकचा पक्ष मांडला. यांपैकी चित्रकूटावरील आक्षेप उघड आहे. चित्रकूट नर्मदेच्या उत्तरेस असल्याने तेथून उत्तरेकडे निघालेल्या मेघाला वाटेत रेवा लागण्याचे कारण उरत नाही. हा आक्षेप मल्लिनाथाच्या एका विधानावर आहे, त्याच्या पांडित्यावर नव्हे. वादाची पहिली मर्यादा हीच होय.

दुसरी मर्यादा प्रमाणाच्या व्याप्तीची. वाकाटक राज्ञी प्रभावतीगुप्ता हिचा ऋद्धपूर ताम्रपट रामगिरिस्वामीच्या पादमूलाहून दिलेला आहे. मिराशींनी संपादिलेल्या वाकाटक लेखांच्या संग्रहात (1963) तो समाविष्ट आहे. त्यावरून रामगिरी नावाचे देवस्थान वाकाटकांना पूज्य होते, एवढे सिद्ध होते. ते स्थान रामटेकच होय आणि कालिदासाच्या मनात तेच होते, ही पुढची अनुमाने होत. ती बलवान असली तरी अनुमानेच. नामसादृश्याचेही तसेच. ‘टेक’ म्हणजे टेकडी असे धरल्यास रामटेक हा रामगिरीचा देशी पर्याय ठरतो. परंतु लोकपरंपरा तेथे ‘टेक’ शब्दाचा प्रतिज्ञा हा अर्थही सांगते. शिवाय रामाच्या नावाची स्थळे देशभर आहेत. केवळ व्युत्पत्तीवर स्थाननिश्चितीचा भार टाकता येत नाही.

तिसरी मर्यादा सर्वांत कठीण. आम्रकूट म्हणजे अमरकंटक असे मानल्यास ते रामटेकच्या ईशान्येस दूर पडते, आणि मेघाचा मार्ग अकारण वळसा घेतो. उलट रामगडाहून निघणाऱ्यास अमरकंटक पश्चिमेकडे लागते. रामटेकच्या पुरस्कर्त्याने ही अडचण तळटीपेत न ढकलता प्रारंभीच मांडली पाहिजे, आणि मगच आम्रकूटाचे ते समीकरण का अमान्य करावे, हे सांगितले पाहिजे. पूर्वपक्ष त्याच्या पुरस्कर्त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडणे, ही आपल्या शास्त्रपरंपरेचीच शिस्त आहे.

न्यायसूत्रांनी कथेचे तीन प्रकार वेगळे केले. तत्त्वनिर्णयासाठी वाद, विजयासाठी जल्प, स्वतःचा पक्ष न स्थापिता परपक्षाचे केवळ खंडन करणारी ती वितंडा. प्रतिपक्ष्याच्या शब्दांना त्याला अभिप्रेत नसलेला अर्थ चिकटवून केलेल्या खंडनास त्यांनी ‘छल’ म्हटले. परिसंवादातील आणि पत्रव्यवहारातील अनेक दोष याच सदरात पडतात: संदर्भ तोडून दिलेले अवतरण, मूळ प्रश्न सोडून काढलेला नवा विषय, खोडले गेलेले विधान मुकाट्याने गाळणे.

रामटेक येथे आज कालिदासाचे स्मारक आहे. 1997 मध्ये स्थापन झालेले त्याच्या नावाचे संस्कृत विश्वविद्यालयही आहे. स्थानाभिमान स्वाभाविक आहे, पण तो प्रमाण नव्हे. म्हणूनच विदर्भातील अभ्यासकावर रामगडाचा पक्ष अधिक काळजीपूर्वक मांडण्याची जबाबदारी येते. तो पक्ष दुबळा करून मिळविलेला विजय रामटेकच्याही उपयोगाचा नाही.