तक्त्यातला गलगंड आणि वर्गातला गलगंड

शाळा नाशिक शहरातली असो की दिंडोरी-सुरगाण्याकडची, विज्ञान प्रदर्शनात एक तक्ता हमखास असतो. डावीकडे पोषक घटक, उजवीकडे त्याच्या अभावाने होणारा विकार. अ जीवनसत्त्व – रातांधळेपणा, ड जीवनसत्त्व – मुडदूस, लोह – पंडुरोग, आयोडीन – गलगंड. शेजारी गळ्याला नारळाएवढी गाठ आलेल्या स्त्रीचे चित्र. मुले तक्ता घडाघडा म्हणून दाखवतात, परीक्षक मान डोलावतात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात. आम्हीही कित्येक वर्षे अशीच मान डोलावत आलो. आज त्या तक्त्यातील शेवटच्या ओळीची झडती घ्यावी, असे आम्हांस वाटते.

निमित्त घडले ते आमच्यातल्याच एका विज्ञानशिक्षिकेचे. त्यांच्या गळ्याला पुढच्या बाजूने सूज दिसू लागली. दुखत नव्हती, म्हणून दुर्लक्ष झाले. त्याच सुमारास थकवा येऊ लागला, वजन वाढले, केस गळू लागले. फेब्रुवारी सरला तरी स्वेटर सुटेना. शिक्षकांच्या खोलीत निदान तयारच होते : "बाई, तुमच्या घरचं मीठ साधं असणार!" बाईंच्या घरी तर वीस वर्षे पाकिटातले आयोडीनयुक्त मीठच येत होते. तरी त्यांनी मीठ थोडे वाढवले. पुढे कोणाच्या तरी सांगण्यावरून समुद्रशैवालाच्या गोळ्याही घेतल्या. यात सहा-सात महिने गेले. शेवटी रक्त तपासले, तेव्हा टीएसएच बरेच वाढलेले निघाले आणि थायरॉईड ग्रंथीवर हल्ला करणारी प्रतिपिंडेही सापडली. हा हाशिमोटोचा विकार. आयोडीनच्या अभावाशी त्याचा संबंध नाही; उलट अशा ग्रंथीला जादा आयोडीन दिल्यास तिचे काम आणखी मंदावू शकते. जो तक्ता बाई दरवर्षी शिकवत होत्या, त्यानेच त्यांना चकवले.

तक्ता खोटा आहे, असे आमचे म्हणणे नाही. त्यामागे मोठा इतिहास आहे. अमेरिकेतील ॲक्रन गावी १९१७ साली डेव्हिड मरीन यांनी शाळकरी मुलींना आयोडीन देऊन गलगंड टाळता येतो हे दाखवले. आपल्याकडे डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलातील कांगडा खोऱ्यात जो प्रयोग केला, तो तर नववी-दहावीच्या मुलांना 'नियंत्रित प्रयोग' म्हणजे काय हे शिकवायला आदर्श आहे. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीनयुक्त मीठ, एकाला साधे. काही वर्षांत पहिल्या दोन भागांतील गलगंडाचे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले; तिसऱ्या भागात ते जवळजवळ होते तिथेच राहिले. यातूनच १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. हा केवळ डोंगरी लोकांचा आजार नव्हे. आपल्या शेजारच्या औरंगाबाद (आताच्या छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातही त्याचे क्षेत्र आढळले होते. एवढी रंजक गोष्ट सोडून आपण मुलांच्या हाती दोन शब्दांची जोडी ठेवतो, ही आमची पहिली तक्रार.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. 'आयोडीन नसेल तर गलगंड' हे वाक्य मुले (आणि मोठी माणसे) उलटे वाचतात : 'गलगंड आहे, म्हणजे आयोडीन नाही.' पाऊस पडला की अंगण ओले होते. पण अंगण ओले दिसले म्हणून पाऊसच पडला असे नाही, कोणी सडाही घातला असेल. घरोघर आयोडीनयुक्त मीठ पोचल्यानंतर गळ्याच्या सुजेची इतर कारणे पुढे दिसू लागली. हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यविशारदाने १९१२ साली चार स्त्रियांच्या ग्रंथींचे वर्णन केले, तेच हे कारण आज शहरी दवाखान्यांत वारंवार भेटते. भारतातील आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांपैकी सुमारे ११ टक्क्यांना थायरॉईडची न्यूनक्रिया होती आणि त्यांतल्या जवळजवळ एकतृतीयांश लोकांना त्याचा पत्ताही नव्हता. तक्त्यात मात्र या मंडळींना जागाच नाही.

तिसरी गोष्ट भाषेची. गळ्याला आलेली प्रत्येक गाठ गलगंड नव्हे. आपल्या जुन्या मराठीने हा भेद केव्हाच केला आहे. गलगंड वेगळा आणि गंडमाळा वेगळ्या. गंडमाळा म्हणजे मानेच्या बाजूला ओळीने सुजणाऱ्या लसिका ग्रंथी. आपल्याकडे त्यांच्यामागे अजूनही पुष्कळदा क्षयरोग असतो. त्यांना मिठाचा उपदेश करणे म्हणजे उपचाराचे महिने वाया घालवणे. फरक ओळखण्याची एक सोपी खूण आहे. घोटभर पाणी पिताना आरशात पाहावे. थायरॉईड श्वासनलिकेला चिकटलेली असल्याने तिची सूज गिळताना वर सरकते. लसिका ग्रंथी सरकत नाहीत. ही खूण म्हणजे निदान नव्हे, हे मुलांना बजावून सांगावे. एखादी गाठ कडक असेल, झपाट्याने वाढत असेल, आवाज घोगरा झाला असेल किंवा गिळायला त्रास होत असेल, तर सोनोग्राफी आणि लागलीच तर सुईने पेशी काढून तपासणी करायला हवी. बहुतेक गाठी निरुपद्रवी निघतात, पण ते तपासल्यावर कळते.

शिवाय सूज आणि ग्रंथीचे काम या दोन निराळ्या बाबी आहेत. मोठी ग्रंथी अगदी व्यवस्थित काम करत असू शकते, आणि गळा साफ सपाट असूनही ग्रंथी जवळजवळ बंद पडलेली असू शकते. नारळाएवढ्या गाठीचे चित्र पाहून वाढलेली मुले या दुसऱ्या माणसाला आजारी मानायलाच तयार नसतात. त्याला 'आळशी' म्हटले जाते.

आता तक्त्यापुढच्या टेबलावरील प्रयोगाकडे वळू. वाटीत मीठ, त्यावर भाताची पेज. निळा रंग आला तर मीठ खरे, नाही तर भेसळीचे! एका प्रदर्शनात निळा रंग न आल्यामुळे दुकानदाराच्या नावाने शंख करणारी मुले आम्ही पाहिली आहेत. दुकानदाराची चूक नव्हती. स्टार्चला निळे करते ते मुक्त आयोडीन. मिठात असते पोटॅशियम आयोडेट. दमट हवेत ते आयोडाइडपेक्षा टिकते म्हणून ते वापरतात. आयोडेटने पेज निळी होत नाही. त्यात आम्ल आणि थोडे पोटॅशियम आयोडाइड मिसळले, की आयोडेट व आयोडाइड यांच्या अभिक्रियेतून आयोडीन सुटते आणि मग रंग येतो. तपासणी-संचाच्या बाटलीत हेच असते. गणितही करून घ्यावे : ग्राहकाच्या हाती पोचलेल्या मिठात आयोडीन दशलक्ष भागांत निदान १५ भाग असायला हवे. प्रौढाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम. म्हणजे १० ग्रॅम मिठात ती भागते. पण रक्तदाबासाठी ५ ग्रॅमच्या आत मीठ खा असे सांगितले जाते, तेव्हा काय? मुलांना इथे थोडे अडखळू द्यावे. दूध, अंडी, मासे यांतूनही आयोडीन मिळते, हे त्यांनी शोधून काढलेले बरे.

बाईंच्या उपचाराची हकिकत थोडक्यात. लिव्होथायरॉक्सिनची गोळी, सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर. चहा निदान अर्ध्या तासाने. कॅल्शियम व लोहाच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर, कारण त्या औषधाचे शोषण अडवतात. पंधरा दिवसांत फरक दिसेना म्हणून बाई गोळी सोडायच्या बेतात होत्या. इथे मात्र विज्ञान कामी आले. या औषधाचा अर्धायुकाल सुमारे ७ दिवसांचा. रोज एक गोळी घेतली तर रक्तातली पातळी पाच अर्धायुकालांनी, म्हणजे पाच आठवड्यांनी, जवळजवळ स्थिर होते. म्हणूनच मात्रा बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी तपासतात. त्याआधीच्या तपासणीचे पैसे वाया. किरणोत्सर्गाच्या धड्यात शिकवलेला अर्धायुकाल स्वतःच्या गोळीला लागू होतो, याचे बाईंनाच नवल वाटले. गरोदरपणी मात्रा बहुधा वाढवावी लागते, हेही घरातल्या मुलीबाळींना ठाऊक असावे.

निफाडच्या कोबीवर मात्र बंदी घालण्याचे कारण नाही. कोबी-फ्लॉवरमध्ये आयोडीनच्या वापरात अडथळा आणणारी द्रव्ये असतात हे खरे. पण आयोडीन पुरेसे मिळत असताना शिजवलेली, रोजच्या प्रमाणातली भाजी त्रास देत नाही. बाजरीवरही असाच आरोप आहे, तो सुदानच्या दारफूर भागातील अभ्यासावरून. तिथे बाजरी हेच मुख्य अन्न होते. येवला-सिन्नरच्या भाकरीला तो जसाच्या तसा चिकटवू नये.

तक्त्यात दुरुस्ती करणार असाल, तर ते चित्र आधी काढा. ते पाहून मुले हसतात, आणि वर्गात एखाद्या मुलीच्या गळ्याला खरेच थोडी सूज असेल तर ती ओढणी गळ्याशी घट्ट घेऊन बसते. त्या जागी शाळेतील उंची-वजनाची नोंदवही उघडून दाखवता येईल. थायरॉईड मंदावलेल्या मुलाची उंची बरोबरच्या मुलांपेक्षा वर्षानुवर्षे मागे पडत जाते, कधी वाढ थांबतेच. अभ्यासातही ते मंद वाटू लागते. गळ्याकडे कोणाचे लक्ष जाण्याच्या कितीतरी आधी ही खूण नोंदवहीत उतरलेली असते. आमच्या पाहण्यातल्या बहुतेक शाळांत ती वही जूनमध्ये भरतात आणि कपाटात ठेवतात.